रस विकायचा, पाणी मोजायचं

संत्र्याच्या रसात वजनाने सुमारे ८८ टक्के पाणी असतं. एवढं पाणी दूरवर वाहून नेणं महागात पडतं, म्हणून कारखान्यातच कमी दाबाखाली, रस फार तापू न देता ते उडवून टाकतात. मागे उरतो मधासारखा घट्ट, साधारण ६६ ब्रिक्सचा कॉन्सन्ट्रेट. तो गोठणबिंदूच्या बऱ्याच खाली थंड ठेवून पिंपांतून किंवा टँकरमधून दुसऱ्या देशात पोचतो. तिथला बाटलीबंद करणारा त्यात पुन्हा पाणी घालतो. किती घालायचं, एवढ्या एका प्रश्नाभोवती या धंद्यातले बहुतेक नियम आणि बहुतेक लबाड्या फिरतात.

ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम रसात विरघळलेल्या घन पदार्थांचे ग्रॅम. हे घन पदार्थ मुख्यतः साखरच असतात. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर दोन थेंब टाकले की प्रकाश किती वळतो त्यावरून आकडा मिळतो. घाऊक सौदा लिटरवर न होता या घन पदार्थांच्या वजनावर होतो, कारण घेणाऱ्याला पाणी त्याच्या नळाला मिळतंच.

हिशेब करून पाहू. ६६ ब्रिक्सच्या १ टन कॉन्सन्ट्रेटमध्ये ६६० किलो घन पदार्थ आहेत. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार पुन्हा पाणी घालून केलेला संत्र्याचा रस ११.८ ब्रिक्सचा हवा. मात्र आयात करणाऱ्या देशाचा कायदा ही पातळी ११.२ पर्यंत खाली आणू शकतो. ११.८ ला त्या टनाचा सुमारे ५,५९३ किलो रस होतो, ११.२ ला ५,८९३ किलो. फरक ३०० किलोंचा. २५ टनांच्या टँकरमागे साडेसात टन रस जास्त निघतो, आणि त्यात एकही फळ जास्त पिळलेलं नसतं! दशांशचिन्हानंतरच्या त्या आकड्यावर एवढी घासाघीस का होते, ते इथे कळतं.

मापनात सगळ्यात जास्त घोळ तापमानाचा होतो. ब्रिक्सचे तक्ते २० अंश सेल्सिअससाठी बनवलेले असतात. नमुना गरम असेल तर आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो, अंशामागे साधारण ०.०७ ने. ३० अंशांच्या नमुन्यात दुरुस्ती विसरली, तर ११.२ चा रस १०.५ च्या आसपास दिसतो आणि चांगला माल नापास होतो. लिंबासारख्या आंबट रसात आणखी एक दुरुस्ती लागते, कारण आम्ल साखरेइतका प्रकाश वळवत नाही. नमुना काढण्याआधी पिंप नीट ढवळलेलं नसेल, तर वरचा आणि तळाचा आकडा वेगवेगळा येतो आणि भांडण सुरू होतं.

ब्रिक्सला आम्लतेच्या टक्केवारीने भागलं की 'रेशो' मिळतो. ११.८ ब्रिक्स आणि ०.८ टक्के आम्ल असेल तर रेशो १४.७५. गंमत अशी की कितीही पाणी घातलं तरी रेशो बदलत नाही. दोन्ही सारखेच पातळ होतात. त्यामुळे पाणी पकडायला तो कुचकामी आहे. फळ किती पिकलेलं होतं ते मात्र तो नेमकं सांगतो, आणि वेगवेगळ्या घाण्यांचा माल मिसळून वर्षभर एकच चव राखायला तोच उपयोगी पडतो.

ब्रिक्स फसवायला सोपा आहे. पाणी वाढवा, साखर घाला, आकडा जागेवर. म्हणून प्रयोगशाळा साखरेचं कूळ शोधते. ऊस आणि मका हवेतला कार्बन वेगळ्या पद्धतीने पकडतात, त्यामुळे त्यांच्या साखरेत कार्बन-१३ हे जड समस्थानिक (कार्बनचाच किंचित जड प्रकार) तुलनेने जास्त असतं. ठरलेल्या मापात उसाचा आकडा उणे ११ च्या आसपास येतो, संत्र्याचा उणे २५ च्या. २० टक्के साखर उसाची असेल तर रसाचा आकडा सुमारे उणे २२ वर सरकतो आणि चोरी उघडी पडते. ५ टक्के असेल तर सरक फक्त ०.७ ची, ती फळाफळातल्या नैसर्गिक फरकात सहज लपते. बीटरूटच्या जातीच्या शर्कराकंदाची साखर वापरली तर ही चाचणी आंधळीच ठरते, कारण तो कंद कार्बन संत्र्यासारखाच पकडतो. तिथे साखरेतल्या जड हायड्रोजनची जागा तपासावी लागते.

पाण्याचंही कूळ काढता येतं. झाडाच्या बाष्पोच्छ्वासात हलकं पाणी आधी उडतं, म्हणून फळातल्या पाण्यात नळाच्या पाण्यापेक्षा ऑक्सिजन-१८, म्हणजे ऑक्सिजनचा जड प्रकार, जास्त असतो. 'थेट पिळलेला' असं छापलेल्या रसात तो कमी सापडला, तर कॉन्सन्ट्रेटमध्ये पाणी घातल्याचा संशय पक्का होतो. स्वस्त फळाची मिसळ आम्लावरून कळते: डाळिंबाच्या रसात टार्टारिक आम्ल दिसलं की द्राक्ष आठवायचं. कृत्रिम मॅलिक आम्लात डावा आणि उजवा असे दोन्ही प्रकार निम्मेनिम्मे असतात. फळ एकच बनवतं, म्हणून दुसरा सापडला की आम्ल बाहेरून घातलेलं.

लेबलवरच्या नावांना अर्थ असतो. फळाचा रस किंवा गर, पाणी आणि बहुधा साखर मिळून 'नेक्टर' होतं. आंब्यासारखा दाट गर नुसता पिता येत नाही, म्हणून आंब्याच्या नेक्टरला कोडेक्सच्या नियमाने किमान २५ टक्के फळ पुरतं. 'जूस' हे नाव मात्र पूर्ण रसालाच.

सडक्या सफरचंदांतून येणाऱ्या पॅट्युलिन या बुरशीच्या विषाला कोडेक्सची मर्यादा किलोमागे ५० मायक्रोग्रॅम आहे. पाश्चरीकरणाने ते पुरतं जात नाही. पिळण्याआधी सडकी फळं किंवा सडका भाग काढून टाकणं हा मुख्य इलाज. पाणी उडवलं की तेही घन पदार्थांबरोबर दाट होतं. म्हणून आकडा नेहमी पाणी घातलेल्या रसाचा धरायचा. ७० ब्रिक्सच्या सफरचंद कॉन्सन्ट्रेटमध्ये २०० मायक्रोग्रॅम सापडले, तर ११.५ ब्रिक्सला ते सुमारे ३३ होतात आणि माल पास होतो. ३१० सापडले तर ५१, म्हणजे नापास. अहवालावर ब्रिक्स लिहिलेला नसेल, तर यातला एकही आकडा वाचता येत नाही.