फेब्रुवारीतले जादा शंभर रुपये

महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्यांनी फेब्रुवारीची पगार स्लिप काढून पाहावी. प्रोफेशन टॅक्सच्या (व्यवसाय कराच्या) रकान्यात एरवी २०० रुपये दिसतात, त्या महिन्यात ३००. अकरा महिन्यांचे २२०० आणि हे ३०० मिळून बरोबर २५०० होतात. राज्यघटनेच्या कलम २७६ने या करावर वर्षाला २५०० रुपयांची मर्यादा घातली आहे (१९८८पर्यंत ती २५० होती). त्यातला एक रुपयाही सरकारने सोडलेला नाही!

हा कर १९७५ साली आला तो रोजगार हमीसाठी, म्हणजे मागेल त्याला सरकारी काम देण्याच्या योजनेसाठी. बहात्तरच्या दुष्काळात पीक बुडालं, आणि पिकाबरोबर शेतमजुराचं कामही बुडालं. धान्य बाहेरून आणता येत होतं, पण ते घ्यायला गाठीला पैसा कुठे होता? सरकारने खडी फोडण्याची, पाझर तलावांची, नालाबंडिंगची (ओढ्यांवर बांध घालण्याची) कामं काढली. मे १९७३मध्ये या कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती.

रोजगार हमीची मूळ कल्पना मात्र त्याआधीची. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५च्या सुमारास तासगाव तालुक्यात विसापूरला तिचा प्रयोग करून पाहिला होता. दुष्काळानंतर तिला जोर आला. १९७७मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून काम मागणं हा ग्रामीण भागातल्या प्रौढ माणसाचा हक्क ठरला. पैशाची सोयही नामी होती. शहरातल्या पगारदारांकडून आणि इतर काही करांतून जेवढं जमेल, तेवढीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची.

मदत नेमक्या गरजूपर्यंत कशी पोचवायची, हा सरकारी खर्चातला जुना पेच. दाखले मागितले की दाखल्यांचा बाजार सुरू होतो. रोजगार हमीत दाखला लागत नाही, कारण ज्याचं बरं चाललंय तो उन्हात माती उपसायला येतच नाही. कष्ट हीच चाळणी. शिवाय पाऊस चांगला झाला की माणसं शेतावर परततात, मस्टर (मजुरांचा हजेरीपट) आपोआप रिकामं होतं आणि खर्च उतरतो. दुष्काळात तोच खर्च आपसूक चढतो, त्यासाठी मंत्रालयातून वेगळा हुकूम निघावा लागत नाही.

चाळणीची भोकं किती मोठी, हे मजुरीच्या दरावर ठरतं. १९८८मध्ये किमान वेतन वाढलं, तसा हमीवरचा दरही जवळपास दुप्पट झाला. मजुराच्या दृष्टीने ते रास्तच होतं. पण अर्थशास्त्रज्ञांना पुढे असं आढळलं, की मागेल त्याला काम मिळेनासं झालं. हक्क कागदावर तसाच राहिला, कामं मात्र कमी निघाली. अंदाजपत्रकाला कात्री लावण्याचा हा सर्वांत गुपचूप मार्ग म्हणायचा.

पुढे २००५मध्ये केंद्राने देशभरासाठी असाच कायदा केला आणि मजुरीचा मोठा भार दिल्लीकडे गेला. प्रोफेशन टॅक्स इथेच राहिला, २५००ची मर्यादाही १९८८पासून हललेली नाही. महिना साडेदहा हजार कमावणाऱ्या पुरुषाच्या वर्षाच्या पगारातले जवळपास दोन टक्के त्यात जातात, तर महिना दहा लाख घेणाऱ्याचे टक्क्याचा पन्नासावा भाग.