गोळीचा खाडा

दसरा सरला की कृष्णाकाठच्या गावांबाहेर कोप्या, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात. वाळवा, पलूस, कडेगाव, पलीकडे कराड. बीडकडून टोळ्या येतात, तशा आपल्याच सांगली जिल्ह्यातल्या जतच्या दुष्काळी पट्ट्यातूनही लोक ऊस तोडायला बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायची असते. एक दिवस फडावर गेलं नाही की खाडा. खाड्याचे पैसे कापले जातात, ५०० रुपये, कधी त्याहून जास्त. दोघांतलं एक जरी नसलं तरी कोयता बंद, म्हणजे मजुरी दोघांचीही बुडते.

आता समजा, या टोळीतल्या एका बाईला एचआयव्हीचा संसर्ग आहे आणि तिच्या गोळ्या संपत आल्यात. एआरटी केंद्र, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं देणारं सरकारी केंद्र, सांगलीला, मिरजेला किंवा साताऱ्याला. एसटीचा प्रवास, रांग, समुपदेशन, औषध खिडकी, परतीची गाडी. दिवस गेला. शिवाय मुकादमाला काय सांगायचं? टोळीत कुणाला काही माहीत नाही. ती म्हणते, चार दिवसांनी जाऊ. मग आठ दिवसांनी. मजुरीचा खाडा वाचतो आणि गोळीचा पडतो.

या दोन खाड्यांची गाठ सुटल्याशिवाय औषध कितीही चांगलं आलं तरी ते अशा माणसांपर्यंत पोहोचून टिकणार नाही, असं माझं ठाम मत आहे. हे मत नुसत्या कळवळ्यातून आलेलं नाही. या विषाणूचं जीवशास्त्रच तसं आहे.

एचआयव्ही आपल्या रक्तातल्या सीडी-फोर नावाच्या पेशींत शिरतो. या पेशी म्हणजे शरीराच्या संरक्षण दलातल्या हाका मारणाऱ्या पेशी. शत्रू आला की बाकीच्यांना उठवायचं काम त्यांचं. विषाणूची जनुकीय माहिती आरएनएच्या रूपात असते. ती तो डीएनएत उतरवतो आणि हा डीएनए पेशीच्या स्वतःच्या डीएनएत शिवून टाकतो. त्यानंतर ती पेशी त्याचीच कामगार होते. उपचार न घेणाऱ्या माणसाच्या शरीरात दिवसाला सुमारे १००० कोटी नवे विषाणू तयार होतात. त्यांच्या जनुकीय मजकुरात जेमतेम ९,७०० अक्षरं असतात आणि ती उतरवणारं विकर (एन्झाइम) फार चुका करतं, दर तीन-चार प्रतींमागे साधारण एक. बहुतेक चुका विषाणूलाच मारक ठरतात. पण इतक्या प्रचंड संख्येत एखादी चूक अशीही निघते, की तिच्यामुळे औषधाला विषाणूवर पकडच मिळत नाही.

म्हणून औषधं तीन. सध्या सरकारी केंद्रात बहुतेकांना मिळणाऱ्या एका गोळीत टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिवुडीन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्रावीर ५० मिलिग्रॅम असतं. पहिली दोन आरएनएचा डीएनए होऊ देत नाहीत, तिसरं शिवण होऊ देत नाही. एका औषधाला चकवणारी चूक सहज घडते. लॅमिवुडीनसाठी तर एका ठिकाणचा एकच बदल पुरतो. तिन्हींना एकाच वेळी चकवणं जवळजवळ अशक्य. विषाणू वाढलाच नाही तर चुकाही घडत नाहीत.

मग एवढं असताना विषाणू कायमचा जात का नाही? कारण शिवण झालेल्या काही पेशी झोपलेल्या असतात. त्या विषाणू तयार करत नाहीत, त्यामुळे औषधाला त्यांच्यापाशी काही कामच नसतं. गोळ्या थांबल्या की यातल्या काही जाग्या होतात आणि बहुतेकांच्या रक्तात दोन ते चार आठवड्यांत विषाणू पुन्हा दिसू लागतो. फडातली ‘चार दिवसांनी जाऊ’ची चालढकल एवढ्याच मुदतीत मोडते.

इथे जुन्या गोळीची गोष्ट सांगायलाच हवी. डोल्युटेग्रावीर येण्याआधी तिसरं औषध एफाव्हिरेन्झ असायचं. ते शरीरातून फार सावकाश उतरतं. रुग्णाने गोळ्या अचानक थांबवल्या की बाकीची दोन औषधं आधी ओसरत आणि एफाव्हिरेन्झ कितीतरी दिवस एकटंच मागे राही. एकट्या औषधासमोर वाढणारा विषाणू म्हणजे प्रतिकार शिकण्याची उत्तम शाळा. शिवाय ती गोळी झोपण्याआधी घ्यायची, कारण चक्कर यायची, विचित्र स्वप्नं पडायची. पण रात्री दोन-तीनला उसाची गाडी भरायला उठणाऱ्याने, पुणे-बंगळूर महामार्गावर रात्रभर ट्रक चालवणाऱ्याने किंवा जिचा धंदाच रात्री चालतो तिने ती केव्हा घ्यायची? त्यांनी गोळी चुकवली की आपण त्यांना बेफिकीर म्हणत होतो. गोळीचं वेळापत्रक मात्र रात्री झोपणाऱ्या माणसांसाठी लिहिलेलं होतं.

नवी गोळी दिवसात केव्हाही चालते, फक्त वेळ रोज तीच हवी. विषाणूला तिच्याविरुद्ध प्रतिकार उभा करणंही फार अवघड जातं. चुकून राहिली तर आठवेल तेव्हा घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ अगदी जवळ आली असेल तर दोन एकदम घेऊ नयेत. एक बारकावा मात्र बायकांना कुणी आवर्जून सांगत नाही. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या उपाशीपोटी हिच्याबरोबर घेतल्या तर त्या पोटातच डोल्युटेग्रावीरला पकडून ठेवतात आणि औषध रक्तात पुरेसं उतरत नाही. जेवणाबरोबर दोन्ही एकत्र चालतात. नाहीतर एचआयव्हीची गोळी दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. गरोदर बाईला या तिन्ही गोळ्या एकाच पिशवीतून मिळतात. ॲसिडिटीची काही औषधंही तिला अशीच पकडून ठेवतात आणि ती जेवणाबरोबरही एकत्र चालत नाहीत, तेव्हा विचारून घ्यावं. क्षयावरचं रिफाम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्रावीर दिवसातून दोनदा लागतं.

सुरुवात कधी करायची, हा प्रश्न आता जवळजवळ मिटला आहे. भारतात १ एप्रिल २००४ रोजी मोफत एआरटी सुरू झाली, तेव्हा रक्तातल्या सीडी-फोर पेशींचा आकडा (एका घन मिलिमीटरमागे) २०० च्या खाली घसरण्याची वाट पाहावी लागे. पुढे ही मर्यादा वाढत गेली आणि २०१७ मध्ये काढूनच टाकली. निदान झालं की उपचार. त्यामागे भक्कम पुरावा होता. ४,६८५ जणांवर झालेल्या ‘स्टार्ट’ अभ्यासाने २०१५ मध्ये दाखवलं, की लगेच उपचार सुरू केल्यास गंभीर आजार आणि मृत्यूचा धोका निम्म्याहून कमी होतो. जागतिक आरोग्य संघटना सात दिवसांच्या आत, तयारी असेल तर त्याच दिवशी, गोळी सुरू करायला सांगते. खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम असेल तर सोबतच क्षयाची तपासणी तातडीने करावी लागते. तीव्र डोकेदुखीमुळे मेंदूच्या आवरणाच्या संसर्गाची शंका आली, तर मात्र आधी तो तपासावा लागतो. तिथे थोडं थांबणंच योग्य. बाकीच्यांसाठी ‘पुढच्या सोमवारी या’ म्हणजे आणखी एक खाडा, आणि त्या सोमवारी टोळी दुसऱ्या फडावर गेलेली असते.

नियमित उपचाराने रक्तातला विषाणू इतका घटतो, की तपासणीत सापडत नाही. अशा व्यक्तीकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. १,७६३ जोडप्यांवरच्या ज्या अभ्यासाने २०११ मध्ये लवकर उपचाराने संसर्ग ९६ टक्क्यांनी घटल्याचं दाखवलं, त्यात पुणे आणि चेन्नईची जोडपीही होती. आपल्या माणसांनी दिलेला हा पुरावा आपल्याच गावात किती थोड्यांना माहीत आहे, याचं मला फार वाईट वाटतं.

माहीत नसल्यामुळेच बाटली लपवावी लागते. तीस गोळ्यांची बाटली खुळखुळते, म्हणून कुणी आत कापूस कोंबतं, कुणी गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून तांदळाच्या डब्यात ठेवतं. बाटलीत ओलावा शोषणारी छोटी पुडी असते, ती गोळ्या टिकवण्यासाठीच. कोपीतल्या दमट हवेत कागदात ठेवलेल्या गोळ्यांचं काही खरं नाही. त्यापेक्षा कापूस बरा.

सांगलीने या बाबतीत एक गोष्ट फार आधी करून दाखवली आहे. शहरातल्या गोकुळनगर वस्तीत १९९२ पासून ‘संग्राम’ या संस्थेचं काम उभं राहिलं ते देहविक्रय करणाऱ्या बायकांनीच एकमेकींपर्यंत कंडोम पोहोचवण्यातून, १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद ही त्यांची स्वतःची संघटना झाली. गल्लीतली बाई आज कुठे आहे, गावी गेली का, आजारी आहे का, हे शेजारच्या खोलीतल्या बाईला जितकं कळतं तितकं कुठल्याही रजिस्टरला कळत नाही. छापा पडला आणि बाईला अंगावरच्या कपड्यानिशी सुधारगृहात नेलं, तर गोळ्यांची बाटली खोलीतच राहते. ती आहे हे कुणाला तरी ठाऊक असावं लागतं. जोगते आणि तृतीयपंथी समाजातही मधली माणसं त्यांच्यातलीच हवीत. रांगेत उभं राहिल्यावर लोक टक लावून बघतात, तेव्हा शेजारी कोण उभं आहे याने फरक पडतो.

खंड पडून परत आलेल्या माणसाला पहिलं वाक्य काय ऐकू येतं, यावरही पुष्कळ अवलंबून असतं. ‘एवढे दिवस कुठं होता?’ हे रागाने विचारलं की पुढच्या खंडानंतर तो येतच नाही. तेच ‘आलात ते बरं झालं, ताई, किती गोळ्या राहिल्या?’ असं विचारलं की निदान खरा आकडा तरी कळतो. ओळख गुप्त ठेवणं ही मेहेरबानी नाही. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने दिलेला तो हक्क आहे.

२०२० च्या टाळेबंदीत केंद्रांनी एकदम अनेक महिन्यांच्या गोळ्या दिल्या होत्या. म्हणजे ते जमतं. स्थलांतर करणाऱ्याने निघण्याआधी केंद्रात सांगितलं तर जास्तीच्या गोळ्या मागता येतात किंवा जिथे जायचं तिथल्या केंद्रावर नोंद हलवून मिळते. जवळचं केंद्र कुठलं हे १०९७ या मोफत क्रमांकावर विचारता येतं. पण सहा महिन्यांच्या हंगामाला १८० गोळ्या लागतात, हा हिशेब बाईने एकटीने का करावा? टोळ्या कधी निघतात आणि कुठे उतरतात, हे कारखान्याला तारखेनिशी माहीत असतं.

उपचार सुरू केल्यावर सहाव्या महिन्यात व्हायरल लोडची, म्हणजे रक्तात विषाणू किती उरला आहे याची, तपासणी असते. दिवाळीनंतर फडावर असताना जिने पहिली गोळी घेतली, तिची तपासणी एप्रिल-मेमध्ये येते. पट्टा पडलेला असतो, म्हणजे गाळपाचा हंगाम संपलेला असतो, कोप्या मोडलेल्या असतात आणि ती बीडच्या वाटेवर असते. तिची नोंद त्याआधी बीडच्या केंद्रात पोहोचायला हवी.