आहात तसे या : पहिल्या भेटीआधीची एक विनंती

आमच्याकडे फंक्शनल मेडिसिनच्या पहिल्या भेटीची वेळ ठरली की दोन-तीन दिवसांत फोन येतो. "मधले दहा दिवस वाया कशाला घालवायचे? तोवर काही सुरू करू का?" काही जण विचारतही नाहीत. भेटीला येतात तेव्हा गहू बंद झालेला असतो, दूध बंद झालेलं असतं आणि बी-१२, ड जीवनसत्त्व, केसांसाठी बायोटिन अशा तीन-चार डब्या सुरू असतात. मनापासून केलेली तयारी असते ती. पण बहुतेक वेळा आम्हाला त्या दिवशी रक्त घ्यायचं थांबवावं लागतं आणि पेशंटचे काही आठवडे जातात. का, ते फोनवर पाच मिनिटांत नीट सांगता येत नाही, म्हणून हे पत्रक.

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना फंक्शनल मेडिसिन म्हणजे काय हे साधारण माहीत असतं, त्यामुळे थोडक्यात सांगतो. जेफ्री ब्लँड या अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञाने हे नाव रुजवलं आणि १९९१ मध्ये त्याची संस्था उभी राहिली. थकवा, पोटाच्या तक्रारी, वाढलेली साखर, थायरॉइड या गोष्टी चार वेगळ्या फायलींत न ठेवता माणसाचा आहार, झोप, हालचाल, ताण, चालू औषधं आणि आजवरची आजारपणं एकाच कागदावर सालवार मांडायची आणि कशातून काय सुरू झालं असेल ते शोधायचं, ही त्यातली कामाची रीत. तिचा सगळा भर सुरुवातीचं चित्र खरं असण्यावर आहे. तेच पुसलं गेलं की आमच्या हाती अंदाजच उरतो.

सगळ्यात जास्त घोळ बायोटिनमुळे होतो. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं. केस आणि नखांसाठी मिळणाऱ्या गोळ्यांत ते ५,००० ते १०,००० मायक्रोग्रॅम असतं. शरीराला त्याचा सहसा त्रास होत नाही, त्रास होतो तो प्रयोगशाळेतल्या यंत्राला. थायरॉइडच्या बऱ्याच चाचण्यांच्या रसायनातच बायोटिन वापरलेलं असतं. रक्तातलं जादा बायोटिन तिथे आडवं येतं आणि टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारं संप्रेरक) खोटं कमी, तर टी-३ आणि टी-४ (थायरॉइडची स्वतःची संप्रेरकं) खोटं जास्त दिसू शकतं. म्हणजे थायरॉइड अगदी ठीक असलेल्या माणसाचा रिपोर्ट थायरॉइड वाढल्यासारखा येतो. आमच्याकडे असा रिपोर्ट हातात घेऊन रात्रभर न झोपलेली माणसं आली आहेत. गोळी थांबवून तीन दिवसांनी पुन्हा रक्त दिलं आणि आकडे जागेवर आले. हृदयविकाराच्या झटक्यात बघतात त्या ट्रोपोनिन चाचणीतही बायोटिनमुळे चूक होऊ शकते, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता. म्हणून कुठेही रक्त द्यायला जाल तेव्हा बायोटिन घेत असल्याचं आधी सांगा, आमच्याकडे येणार नसाल तरीही.

गव्हाची गोष्ट वेगळी, आणि जास्त वेळखाऊ. सीलिअॅक या आजारात ग्लुटेनमुळे, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतल्या प्रथिनामुळे, लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते. त्यासाठी रक्तात टीटीजी नावाची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बघतात. ही प्रतिपिंडं ग्लुटेन पोटात जात असेल तरच तयार होतात. गहू, बार्ली, राय ही ग्लुटेन असलेली धान्यं सगळी बंद करून काही महिन्यांनी चाचणी केली, तर आजार असूनही रिपोर्ट स्वच्छ येऊ शकतो. मग खरं काय ते कळण्यासाठी निदान सहा आठवडे रोज एकाहून जास्त जेवणांत ग्लुटेन पुन्हा खायला लागतं. ज्याला गहू सोडल्यावर पहिल्यांदा बरं वाटलं त्याला हे सांगताना आम्हालाही जड जातं. गहू सोडून बरं वाटलं म्हणजे सीलिअॅक असेलच असं नाही, पण असेल तर पथ्य जन्मभराचं असतं आणि घरातल्या जवळच्या नातेवाइकांनीही तपासून घ्यावं लागतं. एवढा मोठा निर्णय अंदाजावर सोडू नये, असं आमचं ठाम मत आहे. गहू आधीच सोडला असेल आणि परत खाऊन खूप त्रास होत असेल तर स्वतःहून सुरू करू नका. एक जनुकीय चाचणी आहे, तिच्यावर आहाराचा परिणाम होत नाही. ती नकारात्मक आली तर सीलिअॅक जवळजवळ नाहीच असं धरता येतं.

बी-१२चंही तसंच. गोळ्या सुरू केल्या की रक्तातला आकडा वर जातो आणि कमतरता होती का, किती होती, कशामुळे होती हे झाकलं जातं. प्राणिज पदार्थ न खाणं हे एक कारण, पण मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन किंवा अॅसिडिटीसाठी दीर्घकाळ घेतलेल्या गोळ्या हीसुद्धा कारणं असू शकतात. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक अॅसिड घेतलं तर रक्ताचा रिपोर्ट सुधारतो, पण मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते. (गर्भधारणेच्या तयारीत असाल किंवा गरोदर असाल तर डॉक्टरांनी दिलेलं फॉलिक अॅसिड मात्र बंद करू नका.)

आता याची उलटी बाजू, आणि ती जास्त महत्त्वाची. "काही नवं सुरू करू नका" याचा अर्थ "चालू औषध बंद करा" असा कोणीही घेऊ नये. रक्तदाब, साखर, थायरॉइड, फिट, मानसिक आजार, रक्त पातळ करणारी औषधं, सगळं जसं चालू आहे तसंच चालू राहिलं पाहिजे. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना एकदम खाणं कमी केलं तर साखर धोकादायक खाली जाते. आहार सुधारला की डोस कमी होऊ शकतो, पण तो औषध देणाऱ्या डॉक्टरांनी कमी करायचा असतो. आम्ही त्यांना पत्र देतो, त्यांची जागा घेत नाही. छातीत दुखणं, शौचातून रक्त, कारण नसताना झपाट्याने वजन उतरणं, असं काही असेल तर आमच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांकडे जा.

आमच्याबद्दल एक तक्रार नेहमी ऐकू येते : "दुसरीकडे शंभर-दीडशे पदार्थांची तपासणी करून देतात, तुम्ही मोजक्याच करता." त्या तपासण्यांत बहुधा आयजीजी नावाच्या प्रकारची प्रतिपिंडं मोजलेली असतात. ती तुम्ही तो पदार्थ खाता एवढंच सांगतात, तो बाधतो असं नाही. अॅलर्जीतज्ज्ञांच्या अमेरिकी आणि युरोपीय संघटनांनीही ती अन्न न सोसण्याच्या निदानासाठी वापरू नये असंच म्हटलं आहे. तो रिपोर्ट हातात धरून वीस पदार्थ सोडलेले आणि हडकलेले पेशंट आम्ही पाहिले आहेत. त्यापेक्षा संशय असलेला एक पदार्थ काही आठवडे थांबवणं, नोंद ठेवणं आणि मग तो परत आणून बघणं हे जास्त खात्रीचं आहे. परत आणून बघणं टाळू नका, नाहीतर ताटातले पदार्थ कमीच होत जातात.

याच कारणाने आम्ही दर भेटीला एक, फार तर दोन बदल सांगतो. एकदम सहा गोष्टी बदलल्या आणि बरं वाटलं, तर कशामुळे ते कोणालाच कळत नाही, आणि मग सहाही गोष्टी आयुष्यभर ओढत बसावं लागतं. फेरतपासणीही आम्ही घाईने करत नाही. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून त्या पेशींना चिकटलेली साखर मोजणारा एचबीए१सी गेल्या दोन-तीन महिन्यांची साखर दाखवतो. महिन्याभरात केला तर पैसे वाया. थायरॉइडचा डोस बदलल्यावरही सहा ते आठ आठवडे थांबावं लागतं. साध्या बदलांना कमी लेखू नका. २००२ मध्ये अमेरिकेत मधुमेह टाळण्याविषयीच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. मधुमेहाच्या काठावर असलेल्यांपैकी ज्यांना सुमारे सात टक्के वजन कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम हे ध्येय दिलं होतं, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते ३१ टक्क्यांनी कमी झालं होतं. आमच्या पाठपुराव्यातला बराचसा वेळ याच दोन गोष्टी टिकवण्यात जातो, आणि तो आम्ही आनंदाने देतो.

तर भेटीआधी इतकंच करा. रोज जे खाता तेच खा, आणि तीन दिवस खाल्लेलं वेळेसकट लिहून ठेवा, चुकून जास्त झालेलं गोडसुद्धा. जुने रिपोर्ट सगळे आणा, पाच वर्षांपूर्वीचेही. औषधं आणि सप्लिमेंट यांची नावं लिहून आणू नका, डब्याच पिशवीत घालून आणा. डोस लेबलवर असतो, आणि दोन डब्यांत तेच जीवनसत्त्व दुप्पट जातंय हे लेबल बघूनच कळतं. काही सुरू केलंच असेल तर लपवू नका, आम्ही रागावत नाही. फोन करून सांगा, म्हणजे कोणती चाचणी कधी घ्यायची ते आम्ही आधीच ठरवू आणि तुमची एक फेरी वाचेल.