‘असेंबल्डला वॉरंटी नसते’ म्हणे!

पहिला कॉम्प्युटर घेणाऱ्याला कोणीतरी काका हमखास बजावतात: ‘ब्रँडेडच घे, असेंबल्डला वॉरंटी नसते.’ हे अर्धवट ऐकलेलं आहे. असेंबल्डला, म्हणजे सुटे भाग घेऊन जोडलेल्या कॉम्प्युटरला, एकत्र वॉरंटी नसते, सुट्या भागांना मात्र असते. इंटेलच्या डबाबंद प्रोसेसरवर साधारण 3 वर्षं, मदरबोर्डवरही बहुधा तेवढीच, चांगल्या एसएमपीएसवर (मशीनला वीज पुरवणारा डबा) 5 वर्षंसुद्धा. तयार डेस्कटॉपवर बऱ्याचदा 1 वर्षच मिळतं. पुढची वाढवायला वेगळे पैसे.

मग हा समज आला कुठून? कच्च्या बिलातून. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, थोडे पैसे वाचवायला बिल सोडलं की वॉरंटीचा दावा करायला हातात काहीच उरत नाही. डब्याविना मिळणारा ‘ट्रे’ प्रोसेसर स्वस्त असतो, पण त्याला इंटेल थेट वॉरंटी देत नाही. म्हणून प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहिलेलं जीएसटी बिल मागा आणि रिकामे डबे माळ्यावर ठेवा (आई रद्दीत घालायच्या आत).

खरी अडचण वेगळीच आहे. मशीन सुरू होईना, तर दोष रॅमचा की एसएमपीएसचा, हे आधी तुम्हालाच शोधावं लागतं. ब्रँडेडमध्ये एक फोन पुरतो. ती कटकट नको असेल, तर ब्रँडेड खुशाल घ्या.