बागेतील धातुशिल्प (नागपूर परिसर)

घराची बाग, सार्वजनिक उद्यान किंवा एखाद्या संस्थेचे आवार यांच्या शोभेसाठी लोखंड, पोलाद, तांबे, पितळ, ब्राँझ, ॲल्युमिनियम अशा धातूंपासून घडवलेल्या आणि बारा महिने उघड्यावर राहणाऱ्या कलाकृतींना बागेतील धातुशिल्प म्हणतात. स्वतंत्र उभी शिल्पे, भिंतीवर बसवलेले उठावाचे काम, कापीव पत्र्याच्या जाळ्या, वेलींसाठीच्या कमानी, वाऱ्याबरोबर फिरणाऱ्या रचना आणि कारंज्यातील आकृती यांचा त्यात समावेश होतो. चौकातील पुतळाही धातूचा असतो, पण तो स्मरणासाठी उभारलेला असतो व लांबून, मान वर करून पाहायचा असतो. बागेतले शिल्प झाडांच्या सोबतीने, जवळून आणि वेगवेगळ्या ऋतूंत पाहिले जाते. त्यामुळे त्याचा धातू, त्याचा पाया आणि त्याची जागा ठरवताना तिथले ऊन, पाऊस आणि माती यांचा विचार आधी करावा लागतो. नागपुरात तर हा विचार टाळून उभारलेले काम दोन-तीन पावसाळ्यांतच उघडे पडते.

नागपूर जिल्ह्याचे लोखंडाशी नाते फार जुने आहे. ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकात विदर्भात शिलावर्तुळे उभारणारा समाज नांदत होता आणि त्याची दफने जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा अशा ठिकाणी सापडली आहेत. माहुरझरीच्या उत्खननात लोखंडी हत्यारांबरोबर घोड्याच्या चेहऱ्यावर चढवायचे तांब्याचे अलंकार मिळाले. पारशिवनी तालुक्यात पेंच नदीकाठच्या नायकुंड येथे लोखंड गाळण्याच्या भट्टीचे अवशेष मिळाले असून त्यावरून धातू बाहेरून आणला जात नसून इथेच तयार होत होता, हे कळते. घोड्याच्या मुखपट्टीवर ज्यांनी तांबे ठोकून बसवले, त्यांना धातू केवळ हत्यारापुरता वाटत नव्हता, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आजच्या बागेतील शिल्पांची परंपरा त्यांच्यापासून अखंड चालत आली, असे म्हणता येत नाही. परंतु या भूमीत धातू आणि शोभा यांची गाठ पडण्याची ती फार जुनी उदाहरणे आहेत.

आज नागपूरच्या बागांमध्ये येणाऱ्या धातुकामाचे प्रवाह मुख्यतः तीन दिशांनी येतात. पहिला बस्तरचा. तिथले घडवा कारागीर मेण-साच्याच्या पद्धतीने पितळी ओतकाम करतात. मातीच्या गाभ्यावर मेणाचे बारीक धागे गुंडाळून आकृती घडवतात, त्यावर मातीचा लेप चढवतात, साचा तापवून मेण वितळवतात आणि मेणाने सोडलेल्या पोकळीत वितळलेला धातू ओततात. प्रत्येक साचा फोडावाच लागत असल्याने एकासारखी दुसरी मूर्ती होत नाही. मोहेंजोदडोची सुमारे 10.5 सेंटिमीटर उंचीची नर्तकी याच पद्धतीने ओतलेली आहे. बस्तरमधल्याच कोंडागाव भागातील लोहारांचे लोहशिल्प मात्र ओतीव नसते. लोखंड भट्टीत लाल करून ठोकत, वळवत त्यातून हरणे, दिवे, ढोल वाजवणारी माणसे काढली जातात. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचे मुख्यालय नागपुरात असल्याने तिथल्या हस्तकला मेळ्यांतून हे काम नागपूरकरांच्या ओळखीचे झाले आहे. एक गोष्ट इथे स्पष्ट सांगितली पाहिजे. बस्तरच्या लहान पितळी मूर्ती घरात, ओसरीत ठेवण्याजोग्या असतात; त्या उघड्या हिरवळीवर ठेवल्या तर त्यांची बारीक धाग्यांची नक्षी माती आणि काळपटपणाखाली झाकून जाते. लोहशिल्प मात्र बागेत शोभते.

दुसरा प्रवाह भंडाऱ्याचा. पितळी भांड्यांसाठी नाव मिळवलेल्या या शेजारच्या जिल्ह्यातून आणि जुन्या घरांच्या माळ्यांवरून आलेली घंगाळे, हंडे, बंब आता कमळकुंड्या म्हणून किंवा झाडाखालच्या मांडणीत दिसतात. तिसरा प्रवाह शहरातल्याच वेल्डिंगच्या दुकानांचा आणि हिंगणा, बुटीबोरी येथील कारखान्यांभोवती वाढलेल्या फॅब्रिकेशनच्या कामाचा. संगणकावर काढलेल्या नक्षीनुसार लेझरने पत्रा कापण्याची सोय झाल्यापासून पिंपळपान, मोर आणि वाघ यांच्या जाळ्या सहज मिळू लागल्या. त्या सुबक असतात. पण एकच नक्षी दहा फाटकांवर दिसू लागली की ती पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरत नाही.

या तिसऱ्या प्रवाहातील सर्वांत जिवंत भाग म्हणजे भंगारातून घडवलेले शिल्प. तुकडे जोडून लोखंडी शिल्प करण्याची पद्धत आधुनिक कलेत 1928 च्या सुमारास पाब्लो पिकासो आणि हुलिओ गोन्साल्येस या स्पॅनिश कलावंतांच्या एकत्र कामातून रूढ झाली. भारतात 2019 मध्ये दिल्लीत जगातील सात आश्चर्यांच्या भंगारातून केलेल्या प्रतिकृतींचे उद्यान खुले झाले. त्यासाठी सुमारे 150 टन टाकाऊ धातू वापरला गेला. विदर्भात यासाठीचा कच्चा माल शेतीतून येतो. वखराची पास (आडवे लोखंडी पाते), नांगराचा फाळ, डवऱ्याचे दाते, विळे, मोटेचे चाक, सायकलची साखळी, ट्रॅक्टरचे गिअर आणि बेअरिंग हे सगळे इतवारीतल्या लोहा ओळीपासून गावच्या भंगारवाल्यापर्यंत कुठेही सापडते. झिजलेल्या पासेची कड बगळ्याच्या पंखासारखी पातळ झालेली असते आणि विळ्याची वाक मानेसाठी तयारच असते. चांगला कारागीर अशा वस्तूंना फारसा कापत नाही. तो त्यांच्यात मुळात असलेला आकार ओळखतो आणि वेल्डिंगचे दोन-चार टाके मारून थांबतो.

बंडीच्या (बैलगाडीच्या) चाकाची धाव हे याचे उत्तम उदाहरण आहे. लाकडी चाकावर चढवण्याची ही लोखंडी पट्टी लोहार गोलाकार वळवून टोके भट्टीत जोडत असे, मग ती लालबुंद तापवून चाकावर बसवत असे आणि वर पाणी ओतताच ती आकसून लाकडाला घट्ट आवळत असे. रबरी टायरच्या बंड्या आल्यावर या धावा गोठ्यामागे पडून राहिल्या. जुनी धाव हातात घेतली तर बाहेरची बाजू रस्त्याच्या खड्यांनी गुळगुळीत, आतली बाजू खडबडीत आणि एका जागी किंचित जाड लागते. तो लोहाराने मारलेला सांधा असतो. अशा दोन-तीन धावा एकात एक तिरप्या बसवून त्यांवर मधुमालती किंवा कृष्णकमळ चढवले की वेलीला आधारही मिळतो आणि शिल्पही उभे राहते. धावेला चकचकीत सोनेरी रंग देण्याची पद्धत अलीकडे दिसते. त्या रंगाखाली रस्त्याची झीज आणि लोहाराचा सांधा दोन्ही हरवतात, म्हणून तो टाळणे बरे.

धातूची निवड हवामानावर ठरते. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंश सेल्सियसच्या वर जाणे नवे नाही. 23 मे 2013 रोजी 47.9 अंशांची नोंद झाली होती. सावलीत ही स्थिती असताना उन्हातला गडद रंगाचा पत्रा हात लावता येणार नाही इतका तापतो. हिवाळ्यातील पहाटेचे 10 अंश आणि मे महिन्यातील भर दुपारचे धातूचे 65 अंश असा फरक धरला, तर तीन मीटर लांबीची पोलादी सळई सुमारे दोन मिलिमीटरने लांबते. हे अंतर किरकोळ वाटते. पण दोन्ही टोके काँक्रीटमध्ये पक्की गाडलेली असतील तर दरवर्षीच्या या ओढाताणीने टाके उकलतात किंवा जोत्याला भेगा पडतात. एक टोक पक्के व दुसरे लांबट छिद्रातील बोल्टवर सरकते ठेवल्यास हा त्रास होत नाही.

पावसाच्या बाबतीत नागपूरची स्थिती कोकणापेक्षा बरी आहे. वर्षाचा सुमारे एक हजार मिलिमीटर पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबरमध्ये पडतो, उरलेले महिने हवा बरीच कोरडी असते आणि समुद्र दूर असल्याने हवेत मीठ नसते. म्हणून साधे लोखंड इथे किनाऱ्यावरच्यापेक्षा जास्त टिकते. त्याला रेड ऑक्साइड प्रायमर आणि वर ऑइलपेंट देणे ही स्वस्त व घरच्या घरी होणारी पद्धत आहे. जस्ताचा थर द्यायचा झाल्यास घडवून झालेले पूर्ण काम सुमारे 450 अंश तापमानाच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात. नंतर त्यावर वेल्डिंग केले तर तिथला थर जळतो आणि निघणारा पांढरा धूर श्वासात गेल्यास ताप येतो. कॉर्टेन पोलादात तांबे, क्रोमियम, निकेल यांचे अल्प प्रमाण असते. ओले-कोरडे असे आलटून पालटून झाल्यावर त्यावर गंजाचाच घट्ट, तपकिरी थर बसतो आणि तो आतल्या धातूचे रक्षण करतो. नागपूरचे चार ओले व आठ कोरडे महिने त्याला मानवतात, मात्र पाणी साचणाऱ्या खोबणीत हा थर कधीच घट्ट होत नाही. स्टेनलेस स्टीलला रंग देण्याची गरज नसते. परंतु आरशासारखे घासलेले खोलगट स्टील ऊन एका जागी एकवटते व समोरची पाने करपवते; मॅट पॉलिश केलेले काम अधिक योग्य ठरते. ब्राँझ आणि तांबे सर्वांत टिकाऊ, पण महाग आणि चोरीला जाणारे.

गंजणाऱ्या लोखंडाचा एक परिणाम पहिल्याच पावसात दिसतो. शहाबादी फरशीवर थेट ठेवलेल्या शिल्पाच्या पायाशी आधी फिकट पिवळा ओघळ उतरतो, आठवड्याभरात तो नारिंगी होतो आणि फरशीच्या छिद्रांत मुरल्यावर घासूनही जात नाही. म्हणून गंजाचा रंग मुद्दाम राखायचा असेल तर शिल्प फरशीऐवजी मुरमाच्या किंवा गोट्यांच्या थरावर उभे करावे.

पाया हा या कामातील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. नागपूर शहराच्या मोठ्या भागात आणि भोवतीच्या शिवारात काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल अशा भेगा पडतात. वरच्या वीतभर मातीत काँक्रीटचा ठोकळा ओतून त्यावर उभे केलेले शिल्प वर्षभरात कलते. मुरूम लागेपर्यंत खोदून, खड्ड्यातील काळी माती काढून टाकून, मुरूम पाणी देत ठोकून भरणे आणि त्यावर जोते घेणे हाच खात्रीचा उपाय आहे. शिल्प थेट काँक्रीटमध्ये न गाडता खाली जाड प्लेट लावून अँकर बोल्टने आवळले तर ते पुढे काढता, दुरुस्त करता येते आणि चोरालाही सहजी उचलता येत नाही. उन्हाळ्याच्या शेवटी येणाऱ्या वादळी वाऱ्यात सपाट पत्र्याची उंच शिल्पे शिडासारखा वारा धरतात. त्यांत छिद्रे किंवा जाळी ठेवल्याने वाऱ्याचा दाब कमी होतो.

जागा निवडताना सकाळचे ऊन मिळेल व दुपारची सावली पडेल अशी बाजू चांगली. कडुलिंबाची विरळ सावली लोखंडावर हलती नक्षी काढते. चिंचेखाली किंवा आंब्याखाली मात्र पानगळ आणि पक्ष्यांची विष्ठा यांमुळे रंग लवकर जातो. मुले खेळतात तिथे धारदार कड आणि उघडा तापणारा पत्रा नसावा. लहान बागेत एकच शिल्प पुरते. चार कोपऱ्यांत चार मांडले की बागेचे दुकान होते.

पोकळ आकृतींत पाणी साचून डासांची पैदास होते, म्हणून प्रत्येक खोलगट भागाच्या तळाशी छिद्र पाडणे आवश्यक आहे. घंगाळात कमळ लावल्यास त्यात गप्पी मासे सोडण्याची सवय असते. घंगाळ तांब्याचे असेल तर पाण्यात उतरणारे तांबे माशांना मारक ठरते, तेव्हा आत प्लॅस्टिकचे टब बसवावे. गोमूत्र, जीवामृत आणि युरियाची फवारणी पितळेवर उडू देऊ नये. त्यातील अमोनियामुळे ताणाखालील पितळेला सूक्ष्म चिरा जातात. बोअरच्या जड पाण्याचे तुषार रोज पडत राहिले तर कोणत्याही धातूवर पांढरे डाग बसतात.

देखभालीच्या वेळा दोन. मृग लागण्यापूर्वी सांधे तपासून, गंज तारेच्या ब्रशने खरवडून, उघड्या पडलेल्या जागी प्रायमर लावून घ्यावा. दुसरी वेळ पाऊस ओसरल्यावरची. घरोघर खंडेनवमीला विळे, कुऱ्हाडी, नट-बोल्टचे पाने धुऊनपुसून पूजेला मांडले जातात, तोवर हवा कोरडी झालेली असते. त्याच दिवसांत बागेतल्या रंग न दिलेल्या लोखंडावर जवसाच्या तेलाचा पातळ हात फिरवून ते चांगले पुसून घेतले, तर पुढच्या पावसापर्यंत त्याचा काळसर तपकिरी रंग टिकतो.