पटावर खेळाडू, मतदार यादीत राज्य संघटना

कोल्हापुरात एखाद्या मंगल कार्यालयात बुद्धिबळाची रेटिंग (मानांकनाची) स्पर्धा असली की पहिल्या फेरीआधी हजेरीच्या टेबलापाशी झुंबड उडते. पालक मुलाचं नाव सांगतात, पलीकडचा कार्यकर्ता यादीत बोट फिरवत दोन गोष्टी विचारतो : फिडे (जागतिक बुद्धिबळ संघटना) आयडी काय, आणि महासंघाची नोंदणी केलीय का? नोंदणी राहिली असेल तर तिथल्या तिथे मोबाईल काढून पैसे भरायचे, पावतीचा स्क्रीनशॉट दाखवायचा, मग पोरगं आत. या पैशांत खेळायचा हक्क मिळतो. महासंघ कोणी चालवावा हे ठरवायचा हक्क त्यात येत नाही. तो मुलाला नसतो, पालकांना नसतो आणि चाळीस वर्षं खेळलेल्या ज्येष्ठ खेळाडूलाही नसतो.

अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघातल्या भांडणांच्या बातम्या आपण गेली काही वर्षं वाचतोय. कोण कोर्टात गेलं, कोण निवडून आलं, कोणाचं पद गेलं. पण वरची गोष्ट बाजूला ठेवून त्या वाचल्या तर अमुक गटाने तमुक गटाला पाडलं, एवढंच हाती लागतं.

रचना उतरंडीची आहे. खेळाडू क्लबचा, क्लब जिल्हा संघटनेचा, जिल्हा राज्य संघटनेचा, राज्य महासंघाचं आणि महासंघ फिडेचा सभासद. प्रत्येक पायरीवर खालची संस्था वर प्रतिनिधी पाठवते. राष्ट्रीय निवडणुकीत प्रत्येक राज्य संघटनेची दोन मतं. कोल्हापूरकराला ही भानगड वेगळी समजावून सांगायला नको. गोकुळ दूध संघाच्या निवडणुकीत पहाटे धार काढणारा मत देत नाही, गावच्या दूध संस्थेने ज्याच्या नावावर ठराव केलाय तो देतो. म्हणून तर निवडणूक लागली की 'ठराव किती कोणाकडं' हीच चर्चा, आणि ठरावधारक अचानक सहलीला. फरक आकड्याचा आहे. गोकुळचे ठराव साडेतीन हजारांच्या पुढे असतात. बुद्धिबळ महासंघाच्या 2021 च्या निवडणुकीत एकूण मतं पडली 64. एवढी यादी तोंडपाठ होते.

हे कोणी कट करून रचलेलं नाही. महासंघ 1951 साली स्थापन झाला तेव्हा खेळ चालवणं म्हणजे पदरमोड होती. आपल्या शेजारी सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ त्याच्या दहा वर्षं आधी, 1941 मध्ये सुरू केलं होतं आणि स्पर्धा भरवायला जागा, पट, घड्याळं, बक्षिसं सगळं जमवावं लागायचं. पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1955 मध्ये आंध्रातल्या एलुरूला झाली. रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या यांच्यात विजेतेपद विभागून गेलं. त्या काळात अध्यक्ष व्हायचं ते एखाद्या उद्योगपतीने किंवा बड्या अधिकाऱ्याने, कारण खर्च पेलणारं माणूस हवं. 'कोणीतरी चालवतंय ना' यावर सगळे खूश. पोल्लाचीचे उद्योगपती एन. महालिंगम यांच्यासारखी माणसं या पदावर आली ती अशीच. भारताचे पहिले इंटरनॅशनल मास्टर मॅन्युएल ॲरन यांनी खेळाडू असतानाच संघटनेची पदंही सांभाळली. मत कोणाला, हा प्रश्न तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हता, कारण त्या मताला किंमतच नव्हती.

किंमत आली ती खेळात पैसा आणि नाव आल्यावर. विश्वनाथन आनंद 1988 मध्ये देशाचा पहिला ग्रँडमास्टर झाला. आता ग्रँडमास्टरांची संख्या ऐंशीच्या वर आहे. मुलांच्या शिबिरांचे बॅनर गल्लोगल्ली लागतात. वुमन इंटरनॅशनल मास्टर ऋचा पुजारी कोल्हापूरचीच, त्यामुळे इथल्या पालकांना ही वाट दूरची वाटत नाही. परदेशातल्या स्पर्धेला कोण जाणार, प्रशिक्षक कोण, राष्ट्रीय स्पर्धा कुठे भरणार, हे ठरवणारं सचिवपद आता हवंहवंसं झालं.

सरकारने यात पहिला हात घातला तो 1975 मध्ये. क्रीडा महासंघांना मान्यता आणि अनुदान हवं असेल तर पदाधिकाऱ्यांच्या मुदतीवर मर्यादा हवी, अशी मार्गदर्शक तत्त्वं आली. सलग दुसऱ्यांदा त्याच पदावर यायचं तर साधं बहुमत पुरणार नाही, दोन तृतीयांश मतं हवीत, हे कलम त्यातलंच. बहुतेक महासंघांनी ते कपाटात ठेवलं. पुढे 31 जानेवारी 2011 ची राष्ट्रीय क्रीडा संहिता आली. वयाची 70 ची अट, अध्यक्षाला जास्तीत जास्त 12 वर्षं, सचिव-खजिनदारांना सलग दोन मुदतींनंतर विश्रांती. नामवंत खेळाडूंना मताधिकारासह किमान 25 टक्के जागा द्याव्यात, असंही संहितेत होतं. खेळाडूंच्या दृष्टीने कामाचं कलम खरं तर हेच. नेमकं तेच सगळ्यात कमी पाळलं गेलं.

त्याच सुमारास खेळाडूंनी वेगळ्या दारावर टकटक केली. महासंघाच्या परवानगीशिवाय भरलेल्या स्पर्धांत खेळल्याबद्दल काही जणांवर बंदी आली होती. नोंदणी करतानाच 'अनधिकृत स्पर्धेत खेळणार नाही' असं लिहून घेतलं जायचं. हेमंत शर्मा आणि इतरांची तक्रार 2011 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगापुढे गेली, म्हणजे सिमेंट कंपन्यांच्या संगनमताला दंड ठोकणाऱ्या त्याच आयोगापुढे. जुलै 2018 मध्ये निकाल लागला : महासंघाने आपल्या मक्तेदारीचा गैरवापर केला, दंड 6 लाख 92 हजार रुपये. रक्कम फुटकळ आहे, पण आयोगाने नोंदवलेली एक गोष्ट मोठी होती. खेळाडूला दुसरा पर्यायच नाही. मत नसलेल्या माणसाकडे शेवटी कोर्टकचेरीच उरते, हे त्या सात वर्षांत दिसलं.

मग आला 2019-20 चा तमाशा. अध्यक्ष पी. आर. वेंकटरामा राजा एका बाजूला, सचिव भरतसिंह चौहान दुसऱ्या बाजूला. दोन्ही गटांच्या सभा वेगळ्या, ठराव वेगळे आणि 'आम्हीच खरा महासंघ' हा दावा मात्र सारखाच. महासंघाची नोंदणी तमिळनाडूतली, म्हणून प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात. न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती के. कन्नन यांना निवडणूक निर्णय अधिकारी नेमलं. कोरोनाचे दिवस होते, त्यामुळे 4 जानेवारी 2021 ला मतदान ऑनलाइन झालं. अध्यक्षपदासाठी संजय कपूर यांना 33, राजा यांना 31. एक मत इकडचं तिकडे गेलं असतं तर बरोबरी. सचिवपदासाठी चौहान यांना 35 आणि रवींद्र डोंगरे यांना 29.

या 35 मध्येच पुढची गोष्ट दडलेली होती. चौहान आधीपासून सचिव होते. 1975 पासूनच्या आणि संहितेतही कायम राहिलेल्या दोन तृतीयांशाच्या अटीप्रमाणे 64 पैकी 43 मतं लागतात. डोंगरे हाच मुद्दा घेऊन दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि जून 2022 मध्ये न्यायालयाने चौहान यांची निवड रद्द ठरवली. सत्तेचाळीस वर्षं जुन्या कलमाला अचानक दात फुटले. वेळ मात्र अशी, की रशियातून काढून घेतलेलं 44 वं बुद्धिबळ ऑलिंपियाड दोन महिन्यांवर चेन्नईजवळच्या मामल्लपुरमला भरणार होतं आणि त्याची सगळी सूत्रं चौहान यांच्याकडे. सर्वोच्च न्यायालयाने 15 ऑगस्ट 2022 पर्यंत त्यांना पदावर राहू दिलं. स्पर्धा 28 जुलै ते 10 ऑगस्ट झाली, छान झाली. तिथेच 7 ऑगस्टला फिडेची निवडणूक होती. अर्कादी द्वोर्कोविच 157 विरुद्ध 16 मतांनी पुन्हा अध्यक्ष झाले आणि त्यांच्यासोबत आनंद उपाध्यक्ष.

फिडेचं गणितही याच जातीचं. 1924 मध्ये पॅरिसला स्थापन झालेल्या या संस्थेत एका देशाला एक मत. दहा लाख खेळाडूंच्या देशाला एक आणि दोनशे खेळाडूंच्या बेटालाही एक. अनातोली कार्पोव 2010 मध्ये किर्सान इल्युमझिनोव यांच्याकडून 95-55 असे हरले, गॅरी कास्पारोव 2014 मध्ये 110-61 असे. दोघंही माजी जगज्जेते. पटावरची पुण्याई मतपेटीत उतरत नाही. अमेरिकेच्या महासंघाने वेगळी वाट धरली. तिथे प्रतिनिधींची पद्धत सोडून मतदार म्हणून नोंद केलेला सभासद कार्यकारिणीसाठी थेट मत देतो. त्याने भांडणं थांबली असं अजिबात नाही, तिथेही कोर्टकज्जे झाले. पण भांडण कोणापुढे न्यायचं ते तरी ठरलेलं आहे.

आपल्याकडे खेळाडूंना मत द्यायचा एक मोठा प्रयत्न त्याच ऑगस्ट 2022 मध्ये झाला, पण बुद्धिबळात नाही, फुटबॉलमध्ये. कोल्हापुरात त्याची चर्चा झाली नसती तरच नवल, शाहू स्टेडियमवर पीटीएम आणि खंडोबा हे फुटबॉल संघ भिडले की निम्मं गाव तिथे असतं. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकांच्या काळात राज्य संघटनांइतक्याच, म्हणजे 36, नामवंत खेळाडूंना मतदार यादीत घेण्याचं ठरलं. फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेने याला बाहेरचा हस्तक्षेप म्हटलं आणि भारताला निलंबित केलं. दहा-अकरा दिवसांत खेळाडूंची मतं यादीतून गेली, निलंबन उठलं. 2 सप्टेंबरला फक्त राज्य संघटनांच्या मतांवर निवडणूक झाली आणि भारताचे माजी कर्णधार बायचुंग भुतिया यांना किती मतं मिळाली? एक. कल्याण चौबे यांना 33. चौबेही गोलरक्षक होते, त्यामुळे 'खेळाडू विरुद्ध पुढारी' असा सरळ सामना तो नव्हता. पण कोणत्या खेळाडूला राज्य संघटना निवडतात, ते कळलं. पुढच्याच वर्षी कुस्ती महासंघाने वेळेत निवडणूक घेतली नाही म्हणून जागतिक संघटनेने त्याला निलंबित केलं. त्याची झळ इथल्या तालमींनाही बसली.

बुद्धिबळात मार्च 2024 ला नितीन नारंग बिनविरोध अध्यक्ष झाले. तीन वर्षांपूर्वी दोन मतांचा फरक होता आणि आता विरोधात उमेदवारच नाही. बिनविरोध म्हटलं की लोकांना बरं वाटतं, पण सहकारात वाढलेल्या माणसाला हेही ठाऊक असतं की निवडणूक बिनविरोध होते तेव्हा ती आधीच कुठेतरी होऊन गेलेली असते. त्यानंतरच्या वर्षात खेळ भलताच बहरला : सप्टेंबर 2024 ला बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये खुल्या आणि महिला अशा दोन्ही संघांना सुवर्ण, डिसेंबरात गुकेश जगज्जेता, जुलै 2025 मध्ये नागपूरची दिव्या देशमुख महिला विश्वचषकाची मानकरी. अशा दिवसांत कारभाराचा प्रश्न काढणारा माणूस लग्नात तोंड वाकडं करणाऱ्यासारखा दिसतो, म्हणून फारसं कोणी काढतही नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. 2011 ची संहिता सरकारी सूचनेसारखी होती, आता कायदा आहे. कार्यकारिणी जास्तीत जास्त 15 जणांची, त्यात किमान चार महिला आणि किमान दोन नामवंत खेळाडू. वादांसाठी क्रीडा लवाद, निवडणुकांवर देखरेखीसाठी स्वतंत्र मंडळ, मान्यतेसाठी राष्ट्रीय क्रीडा मंडळ. वयाची अटही सैल झाली : आंतरराष्ट्रीय संघटनेचे नियम परवानगी देत असतील तर 70 ते 75 वयाच्या माणसालाही उभं राहता येईल. ही सवलत कोणाच्या सोयीची, ते वेगळं सांगायला नको.

1975 पासून आजपर्यंत प्रत्येक सुधारणेने उभं कोणी राहायचं, किती वर्षं राहायचं, किती वयापर्यंत राहायचं यावर बंधनं घातली. नव्या कायद्याने खेळाडूंना कार्यकारिणीत खुर्च्या दिल्या, हे चांगलंच आहे. पण त्या खुर्च्या भरणारी राष्ट्रीय मतदार यादी अजून प्रामुख्याने राज्य संघटनांच्या हातात आहे, आणि राज्य संघटनेची यादी जिल्ह्यांच्या. म्हणजे कोल्हापूरच्या पालकाचा किंवा खेळाडूचा या साखळीशी संबंध येतो तो एकाच ठिकाणी : जिल्हा संघटनेची सभासद यादी. आजीव सभासद कोण, क्लबांना मत आहे की व्यक्तींना, वार्षिक सभा शेवटची कधी झाली, नवीन सभासद घेतात का. संघटना सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर तिची घटना आणि निवडणुकीनंतर दाखल केलेला चेंज रिपोर्ट (पदाधिकारी बदलल्याची नोंद) धर्मादाय आयुक्त कार्यालयात असतो आणि अर्ज करून त्याची नक्कल मागता येते.