थेट साखळी निम्मीच का मोजतात? ट्रेलरवर पोकलेन बांधण्याच्या अमेरिकी नियमामागची पार्श्वभूमी

अमेरिका आणि कॅनडात फ्लॅटबेडवर (उघड्या, सपाट ट्रेलरवर) पोकलेन, डोझर, लोडर वाहून नेणाऱ्या चालकांमध्ये एक वाद वीसेक वर्षे चालू आहे. ट्रेलरच्या कडीपासून थेट यंत्राच्या कडीपर्यंत ओढलेली साखळी हिशेबात निम्मीच का धरायची? अर्ध्या इंची, ग्रेड ७० च्या (ग्रेड म्हणजे पोलादाच्या ताकदीचा दर्जा) साखळीची भारमर्यादा ११,३०० पौंड असते, पण तपासणीत अशा थेट साखळीचे ५,६५० पौंडच धरले जातात. अनेक चालकांना हा कागदी हट्ट वाटतो. तसा तो नाही, हे नियमाच्या मागे गेल्यावर कळते.

यंत्र वाहून नेण्याची जुनी रीत रेल्वेच्या सपाट वाघिणींवरून आली: यंत्राच्या चालायच्या पट्ट्यांपुढे-मागे लाकडी ठोकळे ठोकायचे आणि तारेला पीळ देऊन यंत्र आवळायचे. रस्त्यावर साखळ्या आल्या, तरी नियम बराच काळ ढोबळच राहिले. १९९४ पर्यंत अमेरिकी नियम तुटण्याच्या ताकदीवर बेतलेला होता: मालावरच्या सगळ्या बंधनांची तुटण्याची ताकद मिळून मालाच्या वजनाच्या किमान दीडपट हवी. अडचण अशी की वापरलेली साखळी किती भाराला तुटेल, हे रस्त्याच्या कडेला ना चालक सांगू शकतो, ना निरीक्षक.

म्हणून १९९४ मध्ये मोजमाप बदलले. तुटण्याच्या ताकदीऐवजी वर्किंग लोड लिमिट, म्हणजे सुरक्षित भारमर्यादा आली आणि सगळ्या बंधनांची बेरीज मालाच्या वजनाच्या निम्म्याहून कमी नसावी, असे ठरले. माल बांधायच्या कापडी पट्ट्याची भारमर्यादा तुटण्याच्या ताकदीच्या एक तृतीयांश असते. दीडपटीला तीनने भागले की निम्मेच येते. ग्रेड ७० च्या साखळीची मर्यादा मात्र एक चतुर्थांश असते. त्यामुळे साखळी वापरणाऱ्यांसाठी नियम तेव्हाच थोडा कडक झाला होता, पण त्याची फारशी चर्चा झाली नाही.

खरा बदल २७ सप्टेंबर २००२ च्या नियमाने झाला. त्याआधी १९९० च्या दशकात दोन्ही देशांनी मिळून प्रत्यक्ष चाचण्या केल्या होत्या. नियमाचे पालन १ जानेवारी २००४ पासून सक्तीचे झाले. लाकडाचे ओंडके, पोलादी कॉइल, काँक्रीटचे पाइप, मोठे दगड अशा प्रत्येक मालासाठी स्वतंत्र कलम आले. चाकांवर किंवा पट्ट्यांवर चालणाऱ्या १०,००० पौंड (४,५३६ किलो) आणि त्याहून जड यंत्रांचे कलम अगदी छोटे आहे. किमान चार बंधने हवीत आणि ती यंत्राच्या पुढच्या व मागच्या टोकाशी शक्य तितकी जवळ किंवा बांधण्यासाठीच दिलेल्या जागी हवीत. बूम, बकेट, ब्लेड पूर्ण खाली टेकवून बांधलेले हवे आणि कमरेत वळणाऱ्या यंत्राचे वळणे बंद केलेले हवे.

‘चार साखळ्या’ हे शब्द सगळ्यांच्या तोंडी बसले आणि गोंधळ तिथेच सुरू झाला. चार ही किमान संख्या आहे. त्या चार साखळ्या पुरेशा आहेत की नाहीत, हे वजनाच्या निम्म्याचा हिशेब ठरवतो. २० टनी पोकलेनचे वजन सुमारे ४४,१०० पौंड, निम्मे २२,०५०. तीन अष्टमांश इंची ग्रेड ७० च्या साखळीची मर्यादा ६,६०० पौंड. थेट बांधली की ३,३००. चार साखळ्यांचे १३,२०० होतात. म्हणजे सात लागतात. अर्ध्या इंची साखळी घेतली तर चारांचे २२,६०० होतात आणि काम जेमतेम भागते. हाती उरतात ५५० पौंड. यंत्राच्या वजनात आणखी ५०० किलो धरले की तेही संपतात, आणि पट्ट्यांत अडकलेली ओली माती, क्विक कपलर (बकेट झटपट बदलायचा जोड) आणि जास्तीची बकेट मिळून तेवढे वजन सहज होते. माहितीपत्रकातल्या वजनावर हिशेब करणारे इथेच फसतात.

आता निम्म्याचे कारण. नियमानुसार एका बाजूच्या कडीतून निघून मालावरून किंवा मालातून दुसऱ्या बाजूच्या कडीला जाणारी साखळी पूर्ण मोजतात. ट्रेलरपासून यंत्रापर्यंत जाऊन तिथेच संपणारी साखळी निम्मी मोजतात. यंत्राला वळसा घालून त्याच बाजूला परत येणारीही निम्मीच. हे उलटे वाटते, कारण वरून टाकलेली साखळी यंत्राला फक्त डेकवर, म्हणजे ट्रेलरच्या फळीवर, दाबते आणि थेट साखळी त्याला प्रत्यक्ष ओढून धरते. मग ओढणारी कमी का?

पहिले कारण कोनाचे. कोपऱ्यातून डेकशी ४५ अंश आणि ट्रेलरच्या लांबीशीही ४५ अंश अशी साखळी ओढली, तर तिच्या ताणाचा लांबीच्या दिशेने येणारा भाग बरोबर निम्मा असतो. बाकीचा ताण खाली आणि आडवा जातो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. ब्रेक लागला की यंत्राला मागे धरणाऱ्या दोनच साखळ्या काम करतात आणि पुढच्या दोन सैल पडतात. चार साखळ्या मोजल्या तरी एका वेळी चारही राबत नाहीत.

हे आकड्यांत पाहता येते. आजच्या नियमात पुढच्या दिशेने दोन कसोट्या आहेत: गुरुत्वाच्या ०.४३५ पट धक्क्याला साखळीवरचा भार भारमर्यादेच्या आत राहावा आणि ०.८ पट धक्क्याला साखळी तुटू नये. २० टनी यंत्राला ०.४३५ पटीने ८.७ टनांचा रेटा बसतो. डेकवरचे घर्षण ०.२ धरले तर चार टन तिथे जिरतात, उरतात ४.७. मागे धरणाऱ्या दोन अर्ध्या इंची साखळ्या वरच्या कोनात मिळून सुमारे ५.१ टन देतात. पुरतात, पण काठावर. हाच हिशेब साखळीची पूर्ण किंमत धरून मांडला असता, तर तीन अष्टमांश इंचीच्या चार साखळ्याही कागदावर पास झाल्या असत्या आणि पहिल्या कडक ब्रेकला त्यांच्यावर मर्यादेपेक्षा दीडपटीहून जास्त भार आला असता. निम्म्याचा नियम म्हणजे कोन मोजायचे साधन हाती नसलेल्या माणसासाठी आधीच करून ठेवलेली वजाबाकी आहे. तो काढून टाकावा, ही मागणी आम्हाला धोक्याची वाटते.

युरोपातले चालक थेट साखळी पूर्ण मोजतात, मग अमेरिकेतच निम्मी का, हा युक्तिवाद वेगळ्या पद्धतीच्या आकड्यावर उभा आहे. तिथे साखळीवर लॅशिंग कपॅसिटी, म्हणजे बांधणीची क्षमता, छापतात आणि ती तुटण्याच्या ताकदीच्या निम्मी असते, अमेरिकेत पाव. त्यामुळे ग्रेड ८० च्या १० मिलिमीटर साखळीला लावलेल्या युरोपीय माहितीपट्टीवर ६३ किलोन्यूटन दिसतात आणि त्याच मापाची अमेरिकी साखळी ७,१०० पौंडांची, म्हणजे साधारण ३१.६ किलोन्यूटनची. पोलाद तेच, आकडा दुप्पट. युरोपात थेट साखळी निम्मी करत नाहीत, हे खरे. पण तिथे प्रत्येक साखळीचा कोन आणि डेकचे घर्षण सूत्रात घालावे लागते. युरोपचा आकडा आणि अमेरिकेचे सूत्र एकत्र केले की हिशेब दुपटीने चुकतो.

दुसरी मोठी चूक बाइंडरची, म्हणजे साखळी ताणून आवळायच्या साधनाची. बंधनाची मर्यादा त्यातल्या सगळ्यात कमजोर भागाएवढीच धरतात. अर्ध्या इंची साखळीला तीन अष्टमांश ते अर्धा इंच मापाचा नेहमीचा बाइंडर बसतो, पण त्याची मर्यादा ९,२०० पौंड असते. मग चार साखळ्यांचे २२,६०० नव्हे, १८,४०० मोजले जातात आणि २० टनी पोकलेन नापास होते. त्यासाठी अर्धा ते पाच अष्टमांश इंच मापाचा, १३,००० पौंडांचा बाइंडर लागतो. डेकवरच्या कडीलाही हेच लागू. साखळीवरचा ग्रेडचा ठसा झिजून दिसेनासा झाला, तर ती ग्रेड ३० ची समजतात: तीन अष्टमांश इंचीचे ६,६०० चे एकदम २,६५० होतात. तपासणीत या मुद्द्यावर वाद होतात, आणि त्यात निरीक्षकाचे बरोबर असते.

नियमानंतरच्या काळात कामाची पद्धतही बदलली. लांब दांड्याच्या खटका-बाइंडरला पाइप लावून आवळायची सवय होती. सोडताना दांडा उसळून जबडे आणि हात मोडत. आता दात्यांवर थोडे थोडे आवळणारे रॅचेट बाइंडर सर्रास दिसतात. उत्पादक पोकलेनच्या खालच्या सांगाड्यावर बांधायच्या जागा चिन्हांकित करून देतात. त्या सोडून पट्ट्याच्या प्लेटला किंवा हायड्रॉलिक होजवरून साखळी टाकली, तर प्लेट सरकते किंवा होज चिरते. चढवताना ट्रेलर सपाट, टणक जमिनीवर, चाकांना ठोकळे, रॅम्पवरची माती खरवडलेली. पोकलेनचे स्प्रॉकेट (पट्टा फिरवणारे दातेरी चाक) मागे, बकेट पुढे आणि जमिनीपासून वीत-दीड वीत वर. रॅम्पवर असताना वळायचे नाही, वरचा भागही फिरवायचा नाही. दिशा चुकली तर पूर्ण खाली उतरून पुन्हा सरळ यायचे. जागेवर आल्यावर बकेट लाकडी ठोकळ्यावर टेकवायची, वरचा भाग फिरू न देणारा स्विंग लॉक लावायचा, हायड्रॉलिकचा सुरक्षा दांडा बंद करायचा, मग इंजिन. बूमवरची साखळी चारांत धरायची नाही, ती जास्तीची.

महाराष्ट्रात चाकण-तळेगाव पट्ट्यात पोकलेन तयार होतात आणि लो-बेडवरूनच देशभर जातात, म्हणून हा हिशेब इथेही परका नाही. भारतात ट्रेलरची रुंदी २.६ मीटरपर्यंतच असू शकते आणि २० टनी पोकलेन साधारण २.८ ते ३ मीटर रुंद असते. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने मर्यादेबाहेर डोकावणाऱ्या मालासाठी २०,००० रुपये दंड आणि माल उतरवण्याचा खर्च अशी तरतूद झाली. ते कलम रुंदी, उंची, लांबी पाहते. साखळी किती इंची आणि बाइंडर किती पौंडांचा, याबद्दल त्यात शब्द नाही. त्यामुळे परवानगी आणि लाल झेंडे व्यवस्थित असूनही दोन बारीक साखळ्यांवर निघालेले यंत्र त्या कलमात सापडत नाही.

अमेरिकी नियमातला एक भाग मात्र कुठेही जसाच्या तसा लागू पडतो. निघाल्यापासून पहिल्या ५० मैलांच्या (८० किलोमीटर) आत थांबून साखळ्या पुन्हा तपासायच्या, मग दर १५० मैल किंवा तीन तासांनी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा. पट्ट्यांखालची माती हादऱ्याने गळते आणि रबरी चटई दबते. टायरवर चालणाऱ्या लोडरमध्ये तर टायरच बसतात. दोन्हींत साखळी सैल होते ती पहिल्या तासाभरातच.